अक्षराचे गुण कापा

जयराम मास्तरांना मथुराबाईंची माहिती फारशी नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दीडेक वर्ष दोघे एकाच शाळेत होते, मध्ये फक्त एक बांबूची तट्टी. पण बाईंचं माहेर वेंगुर्ल्याकडे मठ गावी की आणखी कुठे, लग्न टिकलं होतं की मोडलं होतं, दिवाळीच्या सुट्टीत त्या कोणाच्या घरी जात, यातलं काही मास्तरांनी कधी विचारलं नाही. जीभ रेटली नाही. गावात कोणी म्हणे नवऱ्याने टाकलेली, कोणी म्हणे हिनेच नवरा टाकला. दुसरं खरं असावं असं मास्तरांना वाटे, पण वाटणं म्हणजे माहिती नव्हे. पक्कं ठाऊक होतं ते एवढंच, की त्यांना चहा गुळाचा लागे, छत्री त्या काठीसारखी धरत, आणि 'नाही' म्हणताना इतरांचा आवाज जसा खाली उतरतो तसा त्यांचा उतरत नसे.

शाळा भरडवाडीची. मिठबावच्या अलीकडे, सड्यावर, चारी बाजूंनी काळा कातळ आणि मध्ये नळीच्या कौलांच्या छपराची एक लांब खोली. पहिली ते चौथी, शिक्षक दोन. मुख्याध्यापक जयराम मास्तर. दोन शिक्षकांच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणजे काय, जो आधी रुजू झाला तो. मुख्याध्यापकाने वरचे वर्ग घ्यायचे असा रिवाज होता, पण मास्तरांनी पहिली-दुसरी स्वतःकडे ठेवली होती. लहान मुलांत जीव रमतो असं ते सांगत. खरं म्हणजे मोठी मुलं प्रश्न विचारतात, आणि मास्तरांना प्रश्नांची धास्ती वाटे.

मथुराबाई आल्या तेव्हा रत्नागिरीपासून सिंधुदुर्ग जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. शाळेच्या पाटीवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव अजून पुसलं नव्हतं. बाईंनी पहिल्याच दिवशी पदर खोचला, स्टुलावर चढल्या आणि ते पुसलं. मास्तर म्हणाले, "बाई, त्याचा आदेश यायचाय."

"जिल्हा झाला ना?"

"झाला."

"मग पाटी खोटं का बोलतेय?"

त्या दिवशी मास्तरांनी ओळखलं, की आता तट्टीपलीकडे शांतता नसणार.

तट्टीपलीकडे तिसरी भिंतीकडे बसे आणि चौथी दाराकडे. हुशार मुलं पुढे, बाकीची मागे. वर्षानुवर्षं तसंच चाललेलं. बाईंनी आठवड्याभरात त्या रांगांचा काला केला. मागच्या कोपऱ्यातला सत्यवान फळ्याकडे बघताना डोळे बारीक करतो हे त्यांना दिसलं. सत्यवान गेली दोन वर्षं शेजाऱ्याच्या पाटीवरून बघून लिहीत होता आणि त्याबद्दल मार खात होता. बाईंनी त्याला पुढे घेतलाच, शिवाय फळाही उचलून दाराच्या उजेडात नेला. बाळा नावाच्या मुलाला बसून पाढे येत नसत. दोन ओळी झाल्या की त्याचे गुडघे वळवळत, तिसऱ्या ओळीला तो शेजाऱ्याला चिमटा काढी. बाई म्हणाल्या, "ऊठ, फीर." मग बाळा शाळेभोवती फेऱ्या मारत सतराचा पाढा म्हणू लागला. मास्तरांच्या दारावरून त्याचं डोकं जायचं, पहिलीची मुलं पाटीवरून माना वर करून बघायची, आणि "सतरा साते एकोणीसासे" वाऱ्यावर विरत जायचं. दोघा चुलत भावांना एकमेकांशी भांडल्याशिवाय काही कळत नसे, तर बाईंनी त्यांना समोरासमोर बसवून धडा भांडायला दिला.

आणि धडा आधी मालवणीत सांगायचा. मुलं घरात मालवणी बोलणारी, पुस्तकातलं मराठी त्यांना पाहुण्यासारखं. हे मात्र मास्तरांना रुचलं नाही. मधल्या सुट्टीत धीर करून ते म्हणाले, "बाई, वर्गात शुद्ध बोलावं असं वरून सांगितलंय."

बाई डब्यातली भाकरी मोडत म्हणाल्या, "मास्तर, दारात उभ्या असलेल्या पोराला आधी घरात घेऊ या. पाट-रांगोळी मग बघू."

गावाला हे सगळं नवीन. वाण्याच्या ओट्यावर लोक मास्तरांना अडवत. "मास्तरांनू, शाळेत सर्कस इली म्हणतत. वाघ खंय बांधलात?" मास्तर कसनुसं हसत आणि काडेपेटी घेऊन निघून जात. बाईंना तेच विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "वाघ मीच. जवळ येवन बघ." पुन्हा कोणी विचारलं नाही.

या सर्कशीतलं सगळ्यात अवघड काम होतं शेवंती.

शेवंती परशुरामाची थोरली. परशुरामाचं चार कुणग्यांचं, म्हणजे शेताच्या चार लहान तुकड्यांचं भात आणि उतारावर काजू. मुलगी अंगाने काटक, कोपरं काजूच्या फांद्यांनी नेहमी ओरखडलेली. ऐकलेली कविता दुसऱ्यांदा म्हणायला सांगितली तर चालीसकट म्हणायची. तोंडी हिशेबात बाळाच्या पुढे. पण पुस्तक उघडलं की संपलं. 'घ' आणि 'ध' तिला एकच, 'भ' आणि 'म' एकच. काल ओळखलेलं अक्षर आज वाटेत भेटलं तर ओळख दाखवायचं नाही. तिसरीत दोनदा राहून ती कशीबशी चौथीत आली होती. गावात ठरून गेलं होतं, की परशुरामाचं चेडू मठ्ठ. घरातही तेच ठरलं होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शेवंतीलाही ते पटलं होतं.

"बाईनू, माज्या डोक्यात जागो नाय," ती सांगायची.

"कवितेक बरो जागो गावता," बाई म्हणायच्या.

बाईंनी काथ्याची दोरी आणली. नारळाच्या सोडणांची, हाताने वळलेली, जाड. वर्गातल्या सारवलेल्या जमिनीवर त्या दोरीचं अक्षर मांडायचं, माणसाएवढं. आणि शेवंतीने अनवाणी त्या दोरीवरून चालायचं. 'घ' कुठे वळतो, 'ध' कुठे उघडा राहतो, हे पायाला कळलं पाहिजे. मग तेच अक्षर बोटाने मांडीवर काढायचं. मग पाटीवर. शेवटी पुस्तकात. एका अक्षराला दोन-दोन दिवस जायचे. बाकीची मुलंही हौसेने दोरीवर चालत, आणि बाई त्यांनाही चालू देत. शेवंती एकटीच चालली असती तर ती शिक्षा झाली असती.

हळूहळू अक्षरं शेवंतीच्या पायाखाली आली. पण हळूहळू म्हणजे फारच हळू, आणि परशुरामाला घाई होती.

परशुराम वाईट माणूस नव्हता. त्याच्या बहिणीला मुंबईत घरकामाला एक मुलगी हवी होती. बहीण मे महिन्यात आंब्याला गावी येणार, जाताना शेवंतीला घेऊन जाणार, असं घरात घाटत होतं. शेवंतीची आई सावित्री रडत होती, म्हणून परशुरामाने गावात जे करतात ते केलं. रवळनाथाला कौल लावला. पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं. उजवीकडची पाकळी आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. डावी पडली.

दुसऱ्या दिवशी शेवंती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी बाई परशुरामाच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, जाऊन उभ्या राहिल्या. बरोबर जयराम मास्तर. ते स्वतःहून गेले नव्हते. बाईंनी "चला" म्हटलं आणि पाय निघाले.

परशुराम कोयतीला धार लावत होता. म्हणाला, "बाईनू, तुमच्यार माजो राग नाय. पन देवान नाय म्हटल्यान."

"देवाक काय विचारलंस?"

"शेवंती परीक्षेत पास जातली काय, म्हणान विचारलंय."

बाई खळ्याच्या पेळेवर, कडेच्या मातीच्या कट्ट्यावर, टेकल्या. "देव खोटा नाय बोललो, परशुराम. ह्या परीक्षेत ती नाय पास जाणा. माका ठावक आसा, तुका आसा, देवाक आसाच. पन ती शिकतली काय, ह्या खंय विचारलंस?"

परशुरामाने कोयती खाली ठेवली. "म्हंजे?"

"म्हंजे प्रश्न चुकलो. देवाचा उत्तर बरोबर."

"आता परत विचारलंय तर देव रागावतलो."

"रागावलो तर माझ्यार रागावांदे. येत्या सोमवारी विचारूया."

 परत येताना घाटीच्या तळाशी मास्तर न राहवून म्हणाले, "बाई, देवाच्या निकालावर निकाल मागणं..."

"मास्तर, मुलाने चुकीचं उत्तर दिलं तर आपण काय करतो? छडी घेतो. प्रश्नच वाकडा होता का, हे कधी बघतो?"

मास्तर चपलेतला खडा काढायला वाकले. 

सोमवारी सकाळी देवळात माणसं जमली. बातमी फिरली होती. गावकर गंगाराम, म्हणजे गावातर्फे देवाशी बोलण्याचा मान ज्यांच्या घराण्यात होता ते, उपरणं सावरत बाहेर आले. सत्तरी ओलांडलेले, आवाज मात्र ढोलासारखा.

"बाईनू, देवाकडे अपील चालना नाय."

"अपील नाय, गावकरांनू. नवो प्रश्न."

"बायलमाणसान कौल विचारूचो नाय."

"मी खंय विचारतंय? विचारतलास तुमी. मी फक्त प्रश्न देतंय. आमच्या शाळेत प्रश्न मीच देतंय."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. गंगारामांनी त्या दिशेला एकदा बघितलं, मग बाईंकडे, मग मास्तरांकडे. "मास्तरांनू, तुमका काय वाटता?"

 गावकरांनी मास्तरांना आजवर काही विचारलं नव्हतं. "इचारल्यार... बरा," ते कसेबसे म्हणाले.

गुरवाने पाकळ्या लावल्या. गंगारामांनी हात जोडून आवाज लावला. "बा रवळनाथा म्हाराजा! ह्या तुज्या लेकरान काय चुक्या-माक्या प्रश्न केल्यान आसात तर पदरात घी म्हाराजा!" जमलेले म्हणाले, "व्हय म्हाराजा!" "परशुरामाचा चेडू शेवंती, तेका इद्या येतली आसात तर उजवी दी, येवची नसात तर डावी दी म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" त्या आवाजात पायरीवर उभ्या असलेल्या बाईंचाही आवाज होता. बाकीचे 'व्हय' खालच्या पट्टीत म्हणत, त्यांचा वरच्या पट्टीत गेला.

पाकळ्या पडेनात.

लोक उभे होते ते बसले. बसले होते ते विड्या ओढायला बाहेर गेले. सभामंडपात उन्हाचा पट्टा सरकत खांबापर्यंत आला. गुरवाने दोनदा जांभई दिली. पेजेची वेळ झाली तसे एकेक जण उठून गेले. बाई पायरीवर बसल्या त्या हलल्या नाहीत. पाषाणावरच्या पाकळ्या सुकून काळसर झाल्या, दगडाला घट्ट चिकटून बसल्या.

शेवटी गंगाराम म्हणाले, "देव आज बोलना नाय. घराक चला."

परशुरामाने सुटकेचा श्वास टाकला. "झाला मगे."

"काय झाला?" बाई उठल्या. पदर झटकला. "नाय म्हटल्यान काय देवान?"

"व्हय पन नाय म्हटल्यान."

"नाय पन म्हणाक नाय, व्हय पन म्हणाक नाय. म्हंजे तेणा आमच्यार सोडल्यान. गावकरांनू, देव गप रवलो तर निर्णय कोणाचो?"

गंगारामांनी उपरण्याने तोंड पुसलं. ते हसू लपवत होते असं मास्तरांना वाटलं, पण शपथेवर सांगता येणार नाही. "देव गप रवलो तर माणसान आपल्या अकलेन वागाचा. असा आमचो आजो सांगी."

"मगे उद्या शेवंती शाळेत येतली."

परशुरामाने देवाला पुन्हा हात जोडले. मग म्हणाला, "बरा. परीक्षा होयसर. पास झाली तर रवांदे. नाय झाली तर मे म्हयन्यात माज्या भैनीवांगडा जातली. मगे तुमी परत खळ्यात येवचा नाय."

"कबूल," बाई म्हणाल्या.

मास्तरांना खळ्यातलं बोलणं आठवलं. पास होणार नाही हे त्याच बाईंनी सांगितलं होतं.

एप्रिलात वार्षिक परीक्षा. चौथीचा पेपर तालुक्याहून येई, सगळ्यांना एकच. त्या वर्षी पेपराबरोबर विस्तार अधिकारीही आले, राजदूत फटफटीवरून, डोक्याला रुमाल बांधून. धुळीने त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. मास्तरांनी त्यांना पाणी दिलं, गूळ दिला, खुर्ची पुसून दिली. साहेब चहाचा कप हातात घेऊन वर्गात शिरले आणि थांबले.

मुलं वर्गात लिहीत होती. पडवीत मात्र मथुराबाई मांडी घालून बसल्या होत्या, समोर शेवंती. बाई प्रश्न वाचत होत्या, शेवंती उत्तर सांगत होती, आणि बाई ते शब्दाला शब्द कागदावर उतरवत होत्या.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"परीक्षा."

"परीक्षा लेखी आहे, बाई."

"उत्तर लेखीच आहे. मी लिहितेय."

"उत्तर मुलीने लिहायचं असतं."

"उत्तर मुलीचंच आहे, साहेब. अक्षर माझं आहे. अक्षराचे गुण कापा. किती असतात अक्षराला?"

साहेबांनी कप मास्तरांच्या हातात दिला.  "हे नियमात बसत नाही."

"ही मुलगीही नियमात बसत नाही. पण वर्गात बसते. आता मी कोणाला बाहेर काढू, मुलीला की नियमाला?"

"बाई, जपून बोला."

"वर्षभर जपूनच शिकवलंय. बोलायला आज वेळ मिळाला."

साहेब तसे साधे गृहस्थ होते. त्यांचा राग चढला तसा थोडा उतरला. ते पडवीत टेकले आणि शेवंतीकडे वळले. "मी विचारतो. सांगशील? एका टोपलीत पंचवीस आंबे. अशा आठ टोपल्या. त्यातले अठरा आंबे नासले. चांगले किती उरले?"

शेवंतीने बाईंकडे बघितलं. बाई मुद्दाम दुसरीकडे बघत होत्या. शेवंती म्हणाली, "एकशे ब्याऐंशी रवले. पन कुसके आंबे आधी भायर काढूक व्हये, नायतर बाकीचे पन जातले."

साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. पण ते म्हणाले, "हं. आता मराठीत सांग."

"मराठीतच सांगितलं तिने," बाई म्हणाल्या.

साहेब उठले. चप्पल घातली. जाताना मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं, "दुसऱ्याच्या हाताने लिहिलेली उत्तरपत्रिका मी धरणार नाही. मुलीला वाचता येत नाही, तर तिला वर कसं ढकलणार? निकालावर सही तुमची असते, मुख्याध्यापक. नियमाप्रमाणे काय ते करा." फटफटीचा धूर सड्यावर बराच वेळ रेंगाळला.

म्हणजे सगळं येऊन थांबलं ते जयराम मास्तरांच्या पेनाच्या टोकावर. प्रश्न टाळण्यासाठी ज्यांनी पहिली-दुसरी घेतली, त्यांच्याच पुढ्यात हा येऊन पडला.

घरी बायकोने, विमलाकाकूंनी, ताट वाढलं. मास्तरांचा हात भातात फिरत राहिला. काकूंनी विचारलं, "कोणाक घाबरतास? सायबाक की बाईक?"

"दोघांकय."

"मगे चेडवाकच विचारा. ती तरी तुमका घाबरता."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी शेवंतीला बोलावलं. बाईंना सांगितलं नाही. शाळेत त्या वेळी कोणी नव्हतं, फक्त पडवीत पालापाचोळा. त्यांनी तिच्यापुढे चौथीचं पुस्तक ठेवलं, एक पान उघडलं आणि म्हणाले, "वाच."

शेवंती पुस्तकाकडे बघत राहिली. तिचं उजवं बोट मांडीवर फिरू लागलं. मास्तरांना आधी कळेना ही काय करते. मग लक्षात आलं, ती दोरीवरून चालत होती. बोटाने. वळण घेऊन परत येत होती, थांबत होती, पुन्हा जात होती. एक अक्षर. मग दुसरं. मास्तरांच्या ओठावर शब्द आला होता, कोणताही मास्तर अशा वेळी पुरवतो तो. त्यांनी तो गिळला. अंगणात कावळा ओरडला, कुठेतरी बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली. शेवंतीच्या कपाळावर घाम आला. मास्तरांना देवळातल्या पाकळ्या आठवल्या. तेव्हा ते कंटाळून विडीच्या निमित्ताने बाहेर गेले होते. आज ते जागचे हलले नाहीत.

शेवंतीने ओळ वाचली. अख्खी, बरोबर, शेवटच्या शब्दापर्यंत. आणि मान वर करून म्हणाली, "आनी एक वाचू?"

"नको," मास्तर म्हणाले. "म्हंजे, व्हयी तर वाच."

तिने आणखी एक वाचली.

निकालपत्रकात शेवंतीच्या नावापुढे मास्तरांनी 'उत्तीर्ण' लिहिलं आणि खाली सही केली. सही नेहमीसारखीच वाकडी आली. पुसायला गेले नाहीत.

मे महिन्यात परशुरामाची बहीण आली, आंबे खाल्ले, आणि पेटी घेऊन एकटीच परत गेली. परशुरामाने शब्द पाळला. एवढंच नव्हे, तर जूनमध्ये शेवंतीला मिठबावच्या शाळेत पाचवीला घालायला तो स्वतः गेला, आणि तिथल्या नव्या मास्तरांपुढे हात जोडून नाही, कमरेवर ठेवून उभा राहिला. "गुरुजी, ह्या चेडवाक वाचूक येता. येळ लागता. तेवढो येळ देवचो लागतलो. देवची तयारी नसात तर आताच सांगा, मी देवाकडे जातंय." नव्या मास्तरांना यातलं काही कळलं नाही, पण त्यांनी नाव घातलं. ही गोष्ट जयराम मास्तरांनी वाण्याच्या ओट्यावर ऐकली. या वेळी ते काडेपेटी घेऊन लगेच निघाले नाहीत. पुन्हा एकदा सांगायला लावली.

तालुक्याहून खुलासा मागणारा कागद दोघांनाही आला होता. बाईंनी दोन पानी खुलासा दिला. मास्तरांनी तो वाचला नाही, वाचला असता तर आपलं उत्तर लिहायचा धीर राहिला नसता. त्यांचं उत्तर दोनच वाक्यांचं होतं. 'मुलीला वाचता येते. वेळ लागतो.' त्यावर पुढे काही आलं नाही. बाईंच्या खुलाशावर मात्र बदली आली. जिल्ह्याचं दुसरं टोक, इन्सुलीकडची एक शाळा.

मास्तरांना वाईट वाटलं. बाईंनीच विषय काढला. "बघा मास्तर, म्हणे शिक्षा. थंयपन रांगा असतलेच. मोडूक कोणतरी व्हया मा?"

नंतर ऐकीव एवढंच कानावर आलं, की तिथे त्यांनी पहिल्या आठवड्यात फळा खिडकीकडे हलवला आणि सरपंचांशी भांडण केलं. भांडण फळ्यावरून की आणखी कशावरून, ते कळलं नाही. पुढे त्या कुठे गेल्या, कधी निवृत्त झाल्या, आता आहेत की नाहीत, यातलं काहीही मास्तरांना ठाऊक नाही. मास्तरांनी तट्टी तेवढी काढून टाकली. दोन वर्गांचा गलका एक झाला, आणि त्यांना त्याची सवय झाली.

बाई निघाल्या त्या सकाळी मास्तर एसटीच्या थांब्यापर्यंत गेले होते. बाईंकडे एक ट्रंक, एक पिशवी आणि पिशवीतून वर आलेलं काथ्याच्या दोरीचं वेटोळं.

"दोरी घेतलात?" मास्तरांनी विचारलं. "काथ्यो थंयपन गावतलो."

"गावतलो. पन ही पोरांच्या पायांनी मऊ झालीहा."

कणकवलीची गाडी घाटी चढताना ऐकू आली. मास्तरांनी ट्रंक उचलायला हात घातला, बाईंनी आधीच उचलली होती. काहीतरी चांगलं, लक्षात राहील असं बोलावं म्हणून मास्तर शब्द शोधत राहिले. गाडी थांबली. कंडक्टरने दार उघडलं. बाई चढल्या, खिडकीशी बसल्या आणि बाहेर डोकं काढलं.

"मास्तरांनू, फळो दाराकडेच ठेवा हां. सत्यवानाक दिसना नाय."

"ठेवतंय."

"आनी पाण्याच्या मडक्यार झाकण घाला. पाल पडता."

"घातलंय," मास्तर म्हणाले.